तिग्रान पेत्रोस्यान यांचे डाव कसे अभ्यासावेत

बुद्धिबळ नुसते खेळण्यापलीकडे जाऊन समजून घ्यायचे असेल, तर एखाद्या जगज्जेत्याचे निवडक डाव सावकाश अभ्यासावेत, असे प्रशिक्षक नेहमी सांगतात. परंतु ते डाव कोणत्या क्रमाने घ्यावेत, पटावर नेमके काय शोधावे आणि वहीत काय टिपावे, हे सहसा कोणी सविस्तर सांगत नाही. पुढील मार्गदर्शन नववे जगज्जेते तिग्रान पेत्रोस्यान यांच्या डावांपुरते आहे. मोहऱ्यांच्या चाली आणि नोंद ठाऊक असलेला, क्लबमध्ये किंवा शालेय स्पर्धांत खेळणारा खेळाडू, त्याला शिकवणारा शिक्षक आणि मुलासोबत पटावर बसणारे पालक, या सर्वांना त्याचा उपयोग व्हावा, असा प्रयत्न आहे. पेत्रोस्यान यांचेच नाव निवडण्याचे कारण असे की, त्यांच्या उत्तम चालींचे फळ अनेकदा पटावर दिसतच नाही. प्रतिस्पर्ध्याचा हल्ला सुरू होण्याआधीच विझलेला असतो, त्यामुळे नुसता डाव चाळणाऱ्याला त्यात काहीच घडलेले नाही असे वाटते. असे डाव वाचायची पद्धत शिकावी लागते, आणि ती शिकलेल्या माणसाला इतर कोणाचेही डाव वाचणे सोपे जाते, असे माझे ठाम मत आहे.

बैठकीची तयारी

खरा पट आणि खरी मोहरी घ्यावीत. मोबाइलच्या पडद्यावर बोटाने चाली पुढे सरकवत पाहिलेला डाव डोक्यात राहत नाही. सोबत एक दोनशे पानी वही, पेन आणि डावाच्या नोंदीवरील पुढच्या चाली झाकण्यासाठी एक जाड कागद ठेवावा. पेत्रोस्यान यांचे डाव इंटरनेटवरील डावसंग्रहांत विनामूल्य मिळतात, ते छापून घेतलेले बरे. संगणकाचे इंजिन पहिल्या वाचनात पूर्णपणे बंद असावे. त्याचा उपयोग कधी करायचा, ते पुढे सांगितले आहे. एका डावासाठी किमान दोन तास राखून ठेवावेत आणि एका बैठकीत एकच डाव घ्यावा.

या लेखात पटावरील घरांची नावे नेहमीच्या पद्धतीने दिली आहेत. पांढऱ्याच्या डावीकडून उजवीकडे उभ्या पट्ट्या ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच, आणि पांढऱ्याच्या बाजूने वर जाताना आडव्या पट्ट्या १ ते ८. म्हणजे पांढऱ्याचा राजा सुरुवातीला ई१वर आणि काळ्याचा ई८वर असतो.

डावांआधी त्यांचे आयुष्य जाणून घ्यावे

खेळाडूच्या आयुष्यातील प्रत्येक प्रसंगाचा त्याच्या चालींशी संबंध जोडू नये, हे खरे. पण पेत्रोस्यान यांच्या बाबतीत काही गोष्टी माहीत असल्याशिवाय त्यांचा खेळ कोणत्या मातीत घडला ते कळत नाही. त्यांचा जन्म १७ जून १९२९ रोजी जॉर्जियाच्या तिबिलिसी शहरात एका आर्मेनियन कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आईवडील दोघेही गेले, आणि कोवळ्या वयातच या मुलाला हातात झाडू घेऊन पोटापुरते कमवावे लागले. त्याच काळात त्यांची श्रवणशक्ती अधू झाली. पुढे आयुष्यभर त्यांनी श्रवणयंत्र वापरले आणि प्रेक्षागृहात गोंगाट वाढला की ते यंत्र बंद करून ते पटात बुडून जात.

तिबिलिसीच्या पायोनियर पॅलेसमध्ये, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी छंदकेंद्रात, त्यांना आर्चिल एब्रालिद्झे हे प्रशिक्षक लाभले. एब्रालिद्झे यांची श्रद्धा तिसरे जगज्जेते कापाब्लांका आणि बुद्धिबळाचे सिद्धांत मांडणारे निम्झोविच या दोघांवर होती. कापाब्लांका यांच्याकडून मोहऱ्यांची साधी, स्वच्छ मांडणी आणि शेवटच्या टप्प्यातील अचूकपणा यायचा, तर निम्झोविच यांच्याकडून नाकेबंदी, स्वतःच्या कळीच्या घरांना गरजेपेक्षा अधिक आधार देणे आणि प्रतिस्पर्ध्याचा बेत त्याने मांडण्याआधीच मोडून काढणे, हे विचार यायचे. पेत्रोस्यान यांच्या खेळात या दोन धारा एकत्र वाहतात. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, पेत्रोस्यान यांच्याकडे वळण्यापूर्वी एक आठवडा कापाब्लांका यांचे पाच-सहा एंडगेम पटावर मांडून पाहावेत आणि निम्झोविच यांनी मांडलेली नाकेबंदीची कल्पना कोणत्याही चांगल्या पुस्तकातून समजून घ्यावी. ही पूर्वतयारी टाळली, तर पुढच्या डावांतील अर्धा आशय हातातून निसटतो.

१९४६ मध्ये ते येरेवानला गेले. तेथे आर्मेनियाच्या अजिंक्यपद स्पर्धांत त्यांची गाठ हेन्रिक कास्पार्यान यांच्याशी पडली. बुद्धिबळातील कूटरचना करणाऱ्यांमध्ये कास्पार्यान यांचे स्थान जगात फार वरचे आहे, आणि त्यांच्या रचना सोडवणे हा पेत्रोस्यान यांच्या अभ्यासाला उत्तम जोडव्यायाम ठरतो, कारण त्यांतही राजाला कोंडून ठेवण्याचा आणि सुटकेच्या वाटा एकेक करून बंद करण्याचा विचार असतो. १९४९ मध्ये पेत्रोस्यान मॉस्कोला आले, १९५२ मध्ये ग्रँडमास्टर झाले, आणि १९५९, १९६१, १९६९ व १९७५ अशी चार वर्षे सोव्हिएत संघाचे अजिंक्यपद त्यांच्याकडे आले. १९६३ मध्ये मिखाईल बोत्विनिक यांना १२.५–९.५ असे हरवून ते जगज्जेते झाले. १९६६ मध्ये बोरिस स्पास्की यांच्याविरुद्ध त्यांनी ते पद १२.५–११.५ असे राखले आणि १९६९ मध्ये त्यांच्याकडेच १०.५–१२.५ असे गमावले. १३ ऑगस्ट १९८४ रोजी, वयाच्या ५५व्या वर्षी, मॉस्कोत त्यांचे निधन झाले. एवढा तपशील वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, म्हणजे कोणता डाव त्यांच्या कोणत्या वयातला आहे हे प्रत्येक वेळी शोधावे लागणार नाही.

सुरुवात हल्ल्याच्या डावाने करावी

पेत्रोस्यान म्हणजे निव्वळ बचाव, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे, आणि ती मनात ठेवून अभ्यासाला बसलेला विद्यार्थी त्यांच्या डावांत फक्त बचावच शोधत राहतो. ती समजूत आधी दूर व्हावी म्हणून पहिला डाव १९६६ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीतील दहावा घ्यावा. या लढतीत सातवा डाव जिंकून पेत्रोस्यान आघाडीवर होते. दहाव्या डावात पांढरी मोहरी त्यांच्याकडे होती, आणि स्पास्की यांनी राजाच्या बाजूने जोरदार चढाई केली होती.

पटावर २०व्या चालीपर्यंत यावे. काळ्याचा उंट एच३वर येऊन एफ१वरील हत्तीवर नजर ठेवून आहे. येथे कागद सरकवू नये. हत्ती कोठे हलवावा, याचा विचार बहुतेक जण करतात. पेत्रोस्यान यांनी हत्ती हलवलाच नाही, तर डी१वरचा घोडा ई३वर आणला आणि हत्ती मारू दिला. उंटाने हत्ती घेतला, दुसऱ्या हत्तीने उंट घेतला, काळ्याचा घोडा जी६वर गेला, आणि पेत्रोस्यान यांनी उंट जी४वर नेला. घोड्याने एफ४वरचे प्यादे घेताच २४व्या चालीला त्यांनी उरलेला हत्तीही एफ४वर देऊन तो घोडा टिपला. आता पांढऱ्याचा उंट ई६वर शह देत उतरतो, घोडा ई४वरून डी६ला पोहोचतो, आणि ३०व्या चालीला पांढरा वजीर एच८वर जाऊन शह देतो. काळ्या राजाने वजीर घेतला, तर घोडा एफ७वरील हत्ती मारून राजा आणि जी५वरील वजीर या दोघांनाही एकाच वेळी धरतो, आणि हिशेब मिटल्यावर पांढऱ्याकडे एक मोहरे जास्त उरते. स्पास्की यांनी तेथेच डाव सोडला.

या डावातून वहीत एकच गोष्ट टिपावी: हल्ला स्पास्की यांनी सुरू केला होता, परंतु त्यासाठी पुढे गेलेल्या प्याद्यांमागे त्यांच्या राजाभोवतीची पांढरी घरे उघडी पडली, आणि पांढऱ्या घरांवरून फिरणारा उंट पेत्रोस्यान यांनी शेवटपर्यंत जपून ठेवला. एच३वरचा काळा उंट, म्हणजे त्याच घरांचा काळ्याचा रखवालदार, त्यांनी हत्ती देऊन पटावरून घालवला. १९३४ नंतर जगज्जेतेपदाची लढत प्रत्यक्ष जिंकून पद राखणारे ते पहिलेच जगज्जेते, हेही तेथेच लिहून ठेवावे.

हत्ती देऊन घर घेणे

दुसरा डाव हा या साऱ्या अभ्यासाचा गाभा आहे, म्हणून त्याला एक पूर्ण बैठक द्यावी, आणि जमल्यास आठवडाभराने दुसरी. झुरिच येथील १९५३ च्या कँडिडेट्स स्पर्धेत, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, सॅम्युएल रेशेव्हस्की पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होते. २५व्या चालीनंतरची, काळ्याची पाळी असलेली मांडणी पटावर लावावी. पांढऱ्याचा राजा जी१, वजीर एफ४, हत्ती ई१ आणि ई३, उंट बी२ आणि जी४. प्यादी ए३, सी३, डी४, ई५, जी२, एच२. काळ्याचा राजा जी८, वजीर ई८, हत्ती डी८ आणि ई७, उंट जी६, घोडा सी६. प्यादी ए५, बी५, सी४, एफ७, जी७, एच७.

आता घड्याळ लावून वीस मिनिटे फक्त पाहावे आणि दोन यादी कराव्यात. पहिल्या यादीत पांढऱ्याला काय हवे आहे ते लिहावे. ई-पट्टीवर दोन हत्ती एकामागे एक उभे आहेत, वजीर आणि जी४वरचा उंट राजाच्या बाजूकडे वळलेले आहेत, आणि ई५वरचे प्यादे ई६ला ढकलले की काळ्याच्या राजासमोरची भिंत खिळखिळी होते; शिवाय मध्यभागातून डी४-डी५ ही ढकलही हाताशी आहे. दुसऱ्या यादीत काळ्याच्या मोहऱ्यांची आदर्श जागा लिहावी. सी६वरच्या घोड्याला डी५ हे घर मिळाले, तर पांढऱ्याची मध्यातील प्यादी जागच्या जागी थिजतील, कारण डी५वर बसलेल्या घोड्याला हाकलण्यासाठी पांढऱ्याकडे एकही प्यादे उरलेले नाही. त्या घराकडे जाणारी सरळ वाट ई७वरून आहे, परंतु तेथे काळ्याचाच हत्ती बसला आहे. आणि तो हत्ती ई-पट्टी सोडून गेला, तर ई६ची ढकल लगेच येते.

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की कोडे स्पष्ट होते: हत्तीने ई७ रिकामे करावे, पण ई६ची ढकलही होऊ देऊ नये. पेत्रोस्यान यांनी हत्ती ई६वर ठेवला. तेथे जी४वरचा उंट त्याला फुकट मारू शकतो, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात उंटाने हत्ती घेतला, की एफ७वरचे प्यादे ई६वर येते; त्यामुळे पांढऱ्याचे ई५वरचे प्यादे कायमचे अडते, डी५वर येणाऱ्या घोड्याला प्याद्याचा आधार मिळतो, आणि पांढऱ्याचा पांढऱ्या घरांवरचा उंट पटावरून नाहीसा झाल्याने काळ्याच्या जी६वरील उंटाला विरोध करणारा कोणी उरत नाही. पांढऱ्याचा दुसरा उंट बी२वर, आपल्याच सी३वरील प्याद्यामागे कोंडलेला. ई-पट्टीवर एवढ्या निगुतीने उभे केलेले हत्ती एका बंद पट्टीवर ताटकळत राहतात. पटावरच्या मोहऱ्यांची किंमत मोजली, तर पांढरा पुढे आहे. त्या मोहऱ्या काय काम करू शकतात ते पाहिले, तर काळ्याला भिण्याचे काहीच कारण नाही.

रेशेव्हस्की यांनी हत्ती तत्काळ घेतला नाही. त्यांनी आधी ए४ ढकलून वजिराच्या बाजूची काळी प्यादी सैल करण्याचा प्रयत्न केला, घोडा ई७वर आल्यावर मग ई६वरचा हत्ती घेतला, आणि वजीर एफ१वर मागे आणला. घोडा डी५वर पोहोचला. हत्ती एफ३वर येताच काळ्याचा उंट डी३वर जाऊन बसला, आणि ३०व्या चालीला रेशेव्हस्की यांना आपला हत्ती उंटाच्या आणि एका प्याद्याच्या बदल्यात परत द्यावा लागला. ४१व्या चालीला डाव बरोबरीत सुटला.

विजय मिळालेला नसतानाही हा डाव इतका मोलाचा का, हे विद्यार्थ्याला पटकन पटत नाही, आणि शिक्षकाने तेथे घाई करू नये. हत्ती म्हणजे पाच गुण आणि उंट म्हणजे तीन गुण, हे कोष्टक मुलाच्या मनात पहिल्या महिन्यापासून रुजलेले असते, आणि पुढे ते कोष्टकच त्याचा विचार अडवते. म्हणून येथे एक सराव करून पाहावा. ई६वर हत्ती ठेवण्याऐवजी काळ्याने दुसरी कोणतीही साधी चाल केली असे धरून दोघांनी तीच मांडणी खेळून पाहावी, प्रत्येकाने एकदा पांढरी आणि एकदा काळी मोहरी घ्यावी. आणि मग मूळ चालीनंतरची मांडणी तशीच खेळावी. पहिल्या मांडणीत काळ्याकडून बसणाऱ्याला जी घुसमट जाणवते आणि दुसऱ्या मांडणीत जो मोकळा श्वास मिळतो, तो फरक हाताने अनुभवल्यावर पुस्तकी स्पष्टीकरणाची गरज राहत नाही.

असे बलिदान आपल्या डावात करावे की नाही, हे ठरवताना तपासायची कसोटी या एका मांडणीतून मिळते. हत्तीच्या बदल्यात मिळणारे घर कायमचे आहे काय, म्हणजे तेथे बसणाऱ्या मोहऱ्याला प्याद्याने हाकलता येणार नाही ना. आणि समोरच्याच्या हत्तींना शिरकाव करता येईल अशी मोकळी वाट व तिच्या टोकाला काही लक्ष्य आहे काय. पहिल्याचे उत्तर होय आणि दुसऱ्याचे नाही असेल, तर पाऊल उचलायला हरकत नाही. कसोटी अर्धवटच उतरत असेल, तर हत्ती हातचा ठेवावा. पेत्रोस्यान यांचे नाव घेऊन उगाच हत्ती उधळणे ही या अभ्यासातील सर्वांत मोठी चूक ठरते.

राजाचे दोन प्रवास

पुढचे दोन डाव जोडीने घ्यावेत, कारण दोन्हींत मुख्य काम राजा करतो.

हॅम्बर्ग येथे १९६० मध्ये वोल्फगांग उंझिकर यांच्याविरुद्ध पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना पेत्रोस्यान यांनी सी-पट्टी ताब्यात घेतली होती आणि उंझिकर यांना बचावापलीकडे काही करता येत नव्हते. राजाच्या बाजूची प्यादी पुढे ढकलून तेथे वाट उघडावी, हा पुढचा बेत सरळ होता. अडचण एवढीच की पांढऱ्याचा राजाही त्याच बाजूला होता. तेव्हा त्यांनी २९व्या चालीपासून आपला राजा जी१वरून एफ१, ई१, डी१, सी१, बी१ असा चालवत नेला आणि ४४व्या चालीला तो ए२वर पोहोचला. या काळात उंझिकर यांचा राजा जी८ आणि एच७ यांच्यामध्ये येरझारा घालत होता. राजा बी१वर पोहोचल्यावर एफ४, जी४, एच५ अशी प्यादी निघाली होती, आणि ५५व्या चालीला डाव संपला. हा डाव वाचताना प्रत्येक पाच चालींनंतर थांबून काळ्याला या वेळेत काही करता आले असते काय, ते तपासावे. उत्तर नाही असे येईल तेव्हाच राजाच्या त्या शांत वाटचालीचा अर्थ लागतो. समोरच्याला हात हलवायला जागा नसेल, तर घाई करण्याचे कारण उरत नाही. पण जागा नाही याची खात्री आधी करून घ्यावी लागते, आणि ती खात्री पेत्रोस्यान यांनी केलेली होती.

दुसरा डाव १९६३ च्या लढतीतील पाचवा. पहिला डाव बोत्विनिक यांनी जिंकला होता, पुढचे तीन बरोबरीत सुटले होते. येथे दहाव्या चालीपर्यंत वजिरांची अदलाबदल झाली, पेत्रोस्यान यांचा राजा डी१वर उघड्यावर आला आणि त्याला किल्लेकोट करता येणार नव्हता. वजीर पटावर नसल्यामुळे त्या राजाला धोका कमी आणि काम जास्त होते. तो ई२वर थांबला, ३१व्या चालीला डी३वर आला, मग सी४, डी४, ई५, एफ६ आणि ३९व्या चालीला जी७, म्हणजे थेट काळ्याच्या घरात जाऊन बसला. एच२वरचे प्यादे वाटेत गेले, त्याची त्यांनी पर्वा केली नाही. ४८व्या चालीला राजा जी८वर गेल्यावर बोत्विनिक यांनी डाव सोडला. शेवटच्या टप्प्यात राजा हे झुंजणारे मोहरे आहे, हे वाक्य सर्व पुस्तकांत असते. येथे ते चाल-दर-चाल पाहायला मिळते. हा डाव पाठ करावा, असे मी आग्रहाने सांगेन. पूर्ण डाव न पाहता पटावर मांडता येईल इतका तो पक्का व्हावा.

वहीत काय लिहावे

चारही डावांत एक सवय लावून घ्यावी. पेत्रोस्यान यांची पुढची चाल उघडण्यापूर्वी वहीत प्रतिस्पर्ध्याच्या वतीने एक वाक्य लिहावे: आता त्याला सलग दोन चाली मिळाल्या, तर तो काय करील? ते लिहून झाल्यावरच आपल्या मते योग्य चाल कोणती ते लिहावे, आणि मग कागद सरकवावा. अनेकदा पेत्रोस्यान यांची चाल आपण लिहिलेल्या त्या वाक्यालाच उत्तर देताना दिसेल. जेथे दिसणार नाही, तेथे खूण करून ठेवावी. या खुणा म्हणजे पुढच्या बैठकीचा विषय. इंजिन सुरू करायचे ते फक्त या खुणा केलेल्या जागांसाठी आणि तेही आपले स्पष्टीकरण लिहून झाल्यानंतर. इंजिनाने दिलेला आकडा लिहून ठेवू नये. त्याने सुचवलेली चाल कोणता बेत रोखते, ते शब्दांत लिहावे.

ओपनिंगचा अभ्यास या टप्प्यावर मुद्दाम बाजूला ठेवावा. क्वीन्स इंडियन बचावात पांढऱ्याने चौथ्याच चालीला ए३ ढकलणे ही पद्धत पेत्रोस्यान यांच्या नावाने ओळखली जाते आणि पुढे तिचा वापर नंतरचे जगज्जेते कास्पारोव यांनीही भरपूर केला. काळ्याच्या उंटाला बी४वर येऊ द्यायचे नाही, एवढाच तिचा हेतू. किंग्ज इंडियनमध्येही त्यांच्या नावाचा प्रकार आहे. त्यांच्या विचाराची ओळख झाल्यावर या चाली आपोआप समजतात. उलट क्रमाने गेल्यास नुसते पाठांतर होते.

काय घेऊ नये

थोर खेळाडूच्या प्रत्येक सवयीचे अनुकरण करावे असे नाही. १९६२ ची कुरासाओ येथील कँडिडेट्स स्पर्धा पेत्रोस्यान यांनी एकही डाव न हरता जिंकली, परंतु त्या स्पर्धेत पेत्रोस्यान, केरेस आणि गेलर यांनी आपापसांतले सर्व बारा डाव बरोबरीत सोडवले, त्यावर बॉबी फिशर यांनी उघड टीका केली, आणि त्यानंतर फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाने कँडिडेट्सचे स्वरूप बदलून समोरासमोरच्या लढती ठेवल्या. ते छोटे बरोबरीचे डाव विद्यार्थ्याने अभ्यासू नयेत; त्यांत शिकण्यासारखे काही नाही, आणि वाढत्या वयातील खेळाडूला लवकर बरोबरी मागण्याची सवय लागली तर ती सुटता सुटत नाही. ऑलिंपियाडमधील, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेतील, त्यांची कामगिरी मात्र आवर्जून पाहावी. १९५८ ते १९७८ या काळात ते दहा ऑलिंपियाड खेळले, शंभराहून अधिक डावांत त्यांचा पराभव एकदाच झाला, १९७२ मध्ये स्कोप्ये येथे रॉबर्ट ह्यूबनर यांच्याकडून, आणि त्यांनी जिंकलेले डाव बरोबरीत सुटलेल्या डावांपेक्षा कितीतरी अधिक आहेत. खालच्या मानांकनाच्या खेळाडूंना ते कसे शांतपणे हरवत, हे त्या डावांत दिसते, आणि शालेय स्पर्धेत खेळणाऱ्याला त्याची गरज अधिक असते.

शिकवणाऱ्यांसाठी

पेत्रोस्यान यांनी स्वतः शिकणे आणि शिकवणे यांत कधी फारकत केली नाही. त्यांच्यामागे इसाक बोलेस्लाव्हस्की यांच्यासारखा साहाय्यक उभा होता, १९६८ मध्ये त्यांनी येरेवानमध्ये बुद्धिबळातील विचाराच्या तर्कशास्त्रावर प्रबंध सादर केला, आणि त्याच वर्षी नव्याने सुरू झालेल्या ‘६४’ या मॉस्कोच्या साप्ताहिकाचे संपादन त्यांनी पुढे अनेक वर्षे केले. अखेरच्या वर्षांत ते निवडक मुलांसाठी बुद्धिबळ शाळा चालवत असत. १९८० ते १९८३ या काळात तेथे शिकलेल्या मुलांमध्ये मिन्स्कचा बोरिस गेल्फांद होता. हाच गेल्फांद २०१२ मध्ये मॉस्कोत विश्वनाथन आनंद यांच्यासमोर जगज्जेतेपदासाठी बसला. बारा डावांनंतर ६–६ अशी बरोबरी झाली आणि आनंद यांना जलद डावांपर्यंत जावे लागले. आपल्याकडील ज्या वाचकांनी ती लढत पाहिली, त्यांनी गेल्फांद यांच्या त्या घट्ट खेळाचे मूळ या शाळेत शोधायला हरकत नाही.

आर्मेनियाने ही परंपरा संस्थांच्या रूपाने जपली. येरेवानचे बुद्धिबळ भवन १९७० मध्ये उभे राहिले आणि आता ते पेत्रोस्यान यांच्या नावाने ओळखले जाते. २००० द्रामच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे. ग्रँडमास्टर स्म्बात ल्पुत्यान यांनी २००२ मध्ये बुद्धिबळ अकादमी स्थापन केली, आणि २०११ पासून तेथील शाळांत दुसरी ते चौथीच्या मुलांना बुद्धिबळ हा सक्तीचा विषय झाला. तीस लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या या देशाने २००६, २००८ आणि २०१२ मध्ये पुरुषांच्या ऑलिंपियाडचे सुवर्णपदक मिळवले. त्या संघांत लेव्हॉन अरोन्यान पहिल्या पटावर होते.

वर्गात हा अभ्यास घेताना मुलांच्या जोड्या कराव्यात. एका मुलाने पेत्रोस्यान यांच्या वतीने बोलावे, दुसऱ्याने फक्त प्रतिस्पर्ध्याचे बेत मोठ्याने सांगावेत, आणि दर दहा चालींनी भूमिका बदलाव्यात. दहा-बारा वर्षांखालील मुलांना रेशेव्हस्की यांच्याविरुद्धचा डाव लगेच देऊ नये; त्यांच्यासाठी १९६६ चा दहावा डाव आणि बोत्विनिक यांच्याविरुद्धचा राजाचा प्रवास पुरेसे आहेत. थोडी मोठी मुले चारही डाव पचवल्यानंतर दोन डाव आणखी घेऊ शकतात. एक म्हणजे ब्युनोस आयर्स येथे १९७१ मध्ये फिशर यांच्याविरुद्धचा दुसरा डाव, ज्यात पेत्रोस्यान यांनी फिशर यांची सलग विजयांची मालिका खंडित केली, जरी ती लढत पुढे त्यांनी २.५–६.५ अशी गमावली. दुसरा म्हणजे टिलबर्ग येथील १९८१ चा डाव, ज्यात पन्नाशी ओलांडलेल्या पेत्रोस्यान यांनी तरुण कास्पारोव यांचा हल्ला अंगावर घेत आपला राजा मागे लपवण्याऐवजी पुढे सी६वर आणला आणि डाव जिंकला. हा शेवटचा डाव मुलांना प्रथम कास्पारोव यांच्या बाजूने बसवून द्यावा, पांढऱ्याचा हल्ला त्यांना स्वतः जिंकून दाखवायला सांगावा, आणि त्यांचे प्रयत्न संपल्यावरच काळ्याच्या चाली उघडाव्यात.